कुलूप लावायला की लावल्याचं?

‘आय रिमेंबर टू लॉक द लॅब.’

सहा शब्दांचा हा निरोप आमच्या इमारतीतल्या एका सोलापूरच्या मुलाने शनिवारी रात्री साडेअकराला आपल्या साहेबाला पाठवला. ऑफिसातल्या लॅबचं दार सताड उघडं सापडलं होतं आणि शेवटी बाहेर पडलेला हाच. त्याला सांगायचं होतं की कुलूप मी लावलंय, मला चांगलं आठवतंय. साहेबाने वाचलं ते वेगळंच: ‘मी लॅबला कुलूप लावायला विसरत नसतो.’ पंचनामा चालू असताना एखाद्याने आपल्या वळणदार अक्षराबद्दल मिळालेलं बक्षीस काढून दाखवावं, तसला प्रकार. साहेबाचा उलट प्रश्न आला, तेही बरोबर. आज लावलंस का?

रविवारी सकाळी हा गडी फोन घेऊन माझ्याकडे. बंगळुरूच्या हेब्बाळमध्ये राहणाऱ्या चार-सहा मराठी मुलांचं इंग्रजी मी रविवारी तपासून देतो. फी म्हणून फिल्टर कॉफी.

‘काका, यात चुकलं काय? रिमेंबरनंतर टू येतो ना?’

‘येतो की. पण तुला काय म्हणायचं होतं ते मराठीत सांग.’

‘कुलूप लावल्याचं मला आठवतंय.’

‘आणि विसरला असतास तर?’

‘कुलूप लावायला विसरलो, म्हटलं असतं.’

‘आता हे दोन शब्द शेजारी ठेव. लावल्याचं आणि लावायला.’

त्याने ठेवले. मग बराच वेळ कॉफी तशीच राहिली.

मराठीत ही चूक कोणी करत नाही. ‘दार लावायला विसरलो’ म्हणजे दार उघडंच आहे. ‘दार लावल्याचं विसरलो’ म्हणजे दार बंद आहे, पण ते आपणच बंद केलं हे डोक्यातून गेलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या मुलालाही हा फरक बोलताना पाळता येतो. इंग्रजी तोच फरक ‘फरगॉट टू लॉक’ आणि ‘फरगॉट लॉकिंग’ असा दाखवतं. पहिल्याला इन्फिनिटिव्ह म्हणतात, दुसऱ्याला जेरंड. नावं जड आहेत म्हणून माल परका वाटतो, एवढंच.

आपल्याकडे हा माल शिकवायची रीत म्हणजे यादी. एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, माइंड, सजेस्ट या मंडळींनंतर आयएनजी. वाँट, होप, डिसाइड, रिफ्यूज या मंडळींनंतर टू. रिमेंबर, फरगेट, स्टॉप, ट्राय यांच्यानंतर दोन्ही, ‘अर्थात फरक पडतो’. हे पाढ्यांसारखं म्हणायचं आणि परीक्षेत गाळलेल्या जागा भरायच्या. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसलेल्या पिढ्यांकडे निदान एक गोष्ट होती: इंग्रजी वाक्याशेजारी मराठी वाक्य ठेवायची सवय. पुढे इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवायची हवा आली आणि ती सवय गावंढळ ठरली. माझ्या मते त्यात आपण हातातलं एक चांगलं अवजार टाकून दिलं.

आता या ‘टू’कडे जरा जवळून बघू. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘डोन’ म्हणजे करणं. ते चतुर्थीत घालून त्याच्याआधी दिशा दाखवणारा ‘टू’ ठेवला की व्हायचं ‘टू डोन्ने’. घराकडे जायचं त्या दिशेचा जो ‘टू’, तोच क्रियेच्या दिशेलाही. मराठीत काय आहे? ‘करायला’. हे जुन्या ‘करावयाला’चं झिजलेलं रूप. सरकारी पत्रात अजून ‘करावयास’ भेटतं. शेवटी जो ‘ला’ किंवा ‘स’ आहे तो शाळेत घोकलेल्या ‘स, ला, ते’मधलाच, चतुर्थीचा. ‘गावाला जातो’ आणि ‘पोहायला जातो’ यातला ‘ला’ एकच. एकदा गावाकडे बोट, एकदा कामाकडे.

हेब्बाळच्या पुलाखाली बसची वाट बघत उभं राहिलं की तिसरं उदाहरण कानावर पडतं. पुस्तकी कन्नडमध्ये ‘जायला’ म्हणजे ‘होगलु’. पण बंगळुरूच्या रस्त्यावर लोक म्हणतात ‘होगोके’. ‘होगुवुदु’ म्हणजे जाणं. त्याला ‘क्के’ हा चतुर्थीचा प्रत्यय लागून ‘होगुवुदक्के’, आणि बोलून बोलून झिजून ‘होगोके’. म्हणजे ‘करावयाला’चं ‘करायला’ झालं त्याच वाटेने. मराठी आणि इंग्रजी दूरच्या का होईना, चुलत बहिणी. कन्नड तर वेगळ्याच कुळातली. तरी ‘अजून व्हायच्या कामाकडे बोट दाखव’ म्हटलं की तिघींनी चतुर्थीच काढली.

झिजण्याचाच विषय निघाला आहे तर हेब्बाळ हे नावही झिजलेलं आहे. २०१८ साली इथे एक वीरगळ सापडला. गंग राजा श्रीपुरुषाच्या काळातला, साधारण इसवी सन ७५० चा, कित्तय्या नावाच्या वीराचा. बंगळुरूतल्या सर्वांत जुन्या कन्नड शिलालेखांत तो मोडतो. त्यावर या भागाचं नाव पेर्बोळल्नाडु असं आहे. कन्नडमध्ये मधल्या शतकांत शब्दारंभीचा ‘प’ जाऊन ‘ह’ आला, दुधाच्या ‘पाल्’चं ‘हालु’ झालं. तसंच ‘पेर्बोळल’चं घासत घासत हेब्बाळ. आता त्याच नावाच्या चौकात विमानतळाकडची आणि रिंगरोडवरची वाहनं एकमेकांना घासतात.

तर ‘टू’ बोट दाखवतो, पुढे. आणि ‘आयएनजी’? त्याचा इतिहास जरा घोळाचा आहे. जुन्या इंग्रजीत दोन वेगळे प्रत्यय होते. ‘उंग’ किंवा ‘इंग’ लावून क्रियेचं नाम व्हायचं, आपल्या ‘करणं’सारखं. ‘एंडे’ लावून विशेषण व्हायचं, आपल्या ‘करणारा’, ‘करत असलेला’ यांसारखं. मधल्या काळात दोन्हींचे उच्चार जवळ येत गेले आणि शेवटी दोघांचं एकच ‘इंग’ झालं. ‘स्लीपिंग’ म्हणजे झोपणंही आणि झोपलेलाही. ‘स्लीपिंग बॅग’ झोपत नाही, ‘स्लीपिंग बेबी’ झोपतं. निस्सीम इझिकेल यांनी ‘गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.’ या कवितेत भारतीयांच्या ज्या आयएनजी-प्रेमाची गंमत केली आहे, ती या दुसऱ्या, चालू काळातल्या आयएनजीची. इझिकेल मुंबईच्या बेने इस्राएल समाजातले. त्या समाजाची घरची भाषा मराठी, त्यामुळे कानाला हे नीट ऐकू आलं असणार. पण आपला आजचा विषय पहिला आयएनजी: क्रियेला नाम करून टाकणारा, तिची वस्तू बनवणारा. वस्तू असली की ती आवडते, टाळता येते, सोडता येते, आठवते.

‘टू’ आणि हा ‘आयएनजी’ यांच्यातल्या अर्थाच्या फरकावर १९७० साली पॉल आणि कॅरल किपार्स्की या भाषावैज्ञानिकांनी ‘फॅक्ट’ नावाचा एक निबंध लिहिला. मथळ्यातच गाभा आहे. बोलणारा एखादी गोष्ट घडलीच आहे असं गृहीत धरून चालतो, तेव्हा इंग्रजी जेरंडकडे झुकतं. तसं गृहीत नसेल तर इन्फिनिटिव्हकडे. ‘आय रिग्रेट सेइंग इट’ यात बोलून झालेलं आहे. याच पॉल किपार्स्कींनी पुढे पाणिनीवर पुस्तक लिहिलं, पुण्याच्या शि. द. जोशींनी ते संपादित केलं आणि १९७९ साली पुणे विद्यापीठाने एमआयटीबरोबर ते काढलं. पाणिनीशी हे नातं मला फार योग्य वाटतं. कारण ‘कर्तुम्’, ‘गन्तुम्’ यांतला तुमुन् प्रत्यय कधी लावायचा, तर एक क्रिया दुसऱ्या क्रियेसाठी केली जात असेल तेव्हा, हे पाणिनीने केव्हाच बांधून दिलं होतं. ‘पोहायला जातो’ यात जाणं पोहण्यासाठी आहे. तोच नियम, नवं कापड.

आता जोड्या घेऊ. इथेच खरी मजा आहे.

‘ही स्टॉप्ड स्मोकिंग’ आणि ‘ही स्टॉप्ड टू स्मोक’. पहिल्याने सिगारेट सोडली, बायको खूश. दुसरा वाटेत सिगारेट ओढायला थांबला, बायको गाडीत बसून घड्याळ बघतेय. मराठीत: ‘ओढणं थांबवलं’ आणि ‘ओढायला थांबला’. पहिल्यात थांबवलेली वस्तू म्हणजे ओढणं. दुसऱ्यात माणूस थांबलाय आणि बोट पुढच्या कामाकडे आहे. शिवाय मराठीने क्रियापदच बदललं, थांबवणं आणि थांबणं. इंग्रजीला ती सोय नाही, म्हणून सगळा भार मागून येणाऱ्या शब्दावर.

‘वुई रिग्रेट टू इन्फॉर्म यू’ हे नकाराच्या पत्रातलं अजरामर वाक्य: ‘कळवण्यास खेद वाटतो’. कळवणं अजून चालू आहे, पुढच्या ओळीत येणार आहे. ‘आय रिग्रेट इन्फॉर्मिंग यू’ असं लिहिलंत तर अर्थ होतो, तुम्हाला कळवल्याचा मला पश्चात्ताप होतोय. पुन्हा तीच जोडी, ‘कळवण्यास’ आणि ‘कळवल्याचा’.

‘ही वेंट ऑन टॉकिंग’: तो बोलतच राहिला. ‘ही वेंट ऑन टू टॉक अबाउट हिज सन’: एक विषय संपवून मग तो मुलाविषयी बोलायला लागला. समारंभांना जाणाऱ्यांना दोन्ही प्रकार ठाऊक असतात.

आणि माझी सर्वांत आवडती जोडी, ‘ट्राय’. ‘ट्राय टू ओपन द विंडो’ म्हणजे खिडकी उघडायचा प्रयत्न कर; ती अडकलीय, जोर लागणार. ‘ट्राय ओपनिंग द विंडो’ म्हणजे खिडकी उघडून बघ. उघडते सहज, पण उघडल्याने कोंदटपणा जातो का ते बघायचं. हा फरक इंग्रजीच्या शिक्षकांना अर्धा तास समजावताना मी पाहिलं आहे. मराठी माणसाला दोन शब्द पुरतात: ‘उघडून बघ’. इतकंच काय, कन्नडमध्येही ‘माडि नोडि’ म्हणजे शब्दशः ‘करून बघा’. आपल्याकडे करून बघण्यातलं बघणं तोंडाने म्हणतात, इंग्रजीत ते आयएनजीत दडवलेलं असतं.

एव्हाना सोलापूरच्या मुलाने खिशातून वही काढली होती. त्याला नियम हवा होता. इंजिनिअर माणूस.

एक नियम जवळजवळ बिनतोड आहे, तो आधी सांगितला. शब्दयोगी अव्यय आलं की आयएनजी. ‘बिफोर गोइंग’, ‘विदाउट ईटिंग’, ‘इंटरेस्टेड इन लर्निंग’. मराठीत बघा: ‘जाण्याआधी’, ‘शिकण्यात रस’, ‘करण्याबद्दल’, ‘येण्यावरून’. आपल्यालाही आधी क्रियेचं ‘ण्या’ हे नामरूप करावं लागतं, मगच तिला काही चिकटतं. ‘न खाता’ हा एक अपवाद, पण त्यात तर वेगळं अव्ययच उरलेलं नाही. ‘बघण्यासारखं’ म्हणजे ‘वर्थ सीइंग’. ‘शोधण्यात दोन तास गेले’ म्हणजे ‘स्पेंट टू अवर्स सर्चिंग’. जिथे ‘ण्या’, तिथे बहुतेक आयएनजी.

याच नियमाने मराठी माणसाची सर्वांत महाग चूक पकडली जाते. नोकरीच्या अर्जाखाली आपण लिहितो, ‘आय लुक फॉरवर्ड टू मीट यू’. हवं ‘टू मीटिंग यू’. कारण हा ‘टू’ क्रियापदाचा नाही, ‘कडे’ या अर्थाचा आहे: तुम्हाला भेटण्याकडे डोळे लागले आहेत. पडताळायची युक्ती सोपी. क्रियेच्या जागी एखादं नाम ठेवा. ‘आय लुक फॉरवर्ड टू युअर लेटर’ बसतं? बसतं. मग हा ‘कडे’वाला टू, पुढे आयएनजी. ‘आय वाँट टू युअर लेटर’ बसत नाही. तो खरा इन्फिनिटिव्हचा टू. ‘आय ॲम यूज्ड टू ट्रॅफिक’ बसतं, म्हणून ‘आय ॲम यूज्ड टू ड्रायव्हिंग हिअर’, मला इथे गाडी चालवायची सवय आहे. आणि नुसतं ‘आय यूज्ड टू ड्राइव्ह’ म्हणजे मी पूर्वी चालवायचो. हेब्बाळच्या चौकातून रोज जाणारी बरीच मंडळी पहिल्या वाक्यापासून सुरू करून वर्षभरात दुसऱ्यावर येतात.

दुसरी युक्ती माझी घरगुती, शंभर टक्के हमी नाही. मराठीचं ‘यचं’ कुंपणावर बसलेलं असतं. ‘पुण्याला जायचं ठरवलं’, ‘सिगारेट ओढायचं सोडलं’. दिसायला सारखं, पण इंग्रजीत पहिल्याला टू, दुसऱ्याला आयएनजी. अशा वेळी ‘यचं’ काढून ‘णं’ घालून बघायचं. ‘ओढणं सोडलं’ छान चालतं: क्विट स्मोकिंग. ‘जाणं ठरवलं’ कानाला खुपतं: डिसायडेड टू गो. ‘बोलणं टाळलं’ चालतं: अव्हॉइडेड टॉकिंग. ‘जाणं पुढे ढकललं’ चालतं: पोस्टपोन्ड गोइंग.

मराठी दगा देते ते कुठे, हेही वहीत उतरवून घ्यायला लावलं. ‘फिरायला मजा येते’ म्हणून आपण ‘एन्जॉय टू वॉक’ म्हणतो; हवं ‘एन्जॉय वॉकिंग’. ‘घर शोधायला त्रास झाला’ म्हणून ‘डिफिकल्टी टू फाइंड’, हवं ‘फाइंडिंग’. ‘मदत करणं नाकारलं’ माझ्या युक्तीत बसतं, तरी इंग्रजीला ‘रिफ्यूज्ड टू हेल्प’च लागतं. आणि ‘मला थांबायला लावलं’ यातल्या ‘यला’ने तर अख्ख्या देशाला फसवलंय: ‘मेड मी टू वेट’. तिथे टू नकोच, ‘मेड मी वेट’. गंमत अशी की ‘थांबू दिलं’, ‘थांबू शकतो’ यांत मराठीही ‘ला’ टाकून नुसता ‘ऊ’ ठेवते, आणि इंग्रजीही नुसतं ‘लेट मी वेट’, ‘कॅन वेट’. तिथे कोणी चुकत नाही. फक्त ‘लावणं’ आडवं आलं.

वस्तू आणि बोट, घडलेलं आणि घडायचं, हे वाटपही सगळीकडे लागू पडत नाही, हे त्याच्या लगेच लक्षात आलं. ‘काका, अव्हॉइड केलं तर ते घडलेलंच नसतं. मग आयएनजी का?’ बरोबर. ‘मॅनेज्ड टू ओपन’मध्ये दार उघडलेलं असतं, तरी टू. (मराठीतही ‘उघडायला जमलं’, म्हणजे त्या वेडात आपण सोबत आहोत.) तीनेकशे वर्षांपूर्वीचे इंग्रज लेखक ‘अव्हॉइड टू’ही लिहीत. नंतर आयएनजीने एकेक क्रियापद आपल्याकडे ओढलं आणि हे सरकणं संपलंय असंही नाही. आज जी यादी आपण घोकतो ती चालत्या गाडीतून काढलेला फोटो आहे. व्याकरणाची पुस्तकं हे मोकळेपणाने सांगत नाहीत, मग पोरांना वाटतं इंग्रजीला तर्क आहे आणि आपल्यालाच तो दिसत नाही.

मोरो केशव दामल्यांनी १९११ साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ काढलं. त्यात आपली धातुसाधितं मोजून-मापून मांडलेली आहेत. ते जाडजूड पुस्तक उघडलं की कळतं, करणं, करायला, करायचं, करू, करून, करत, करता, करणारा, केल्याचं या घरांतली निम्मी बिऱ्हाडं इंग्रजीने ‘टू’ आणि ‘आयएनजी’ अशा दोन खोल्यांत कोंबली आहेत. आपल्याला अडचण होते ती घरं कमी असल्याने नव्हे. एवढं सामान दोन खोल्यांत कसं लावायचं, ही ती अडचण.

संध्याकाळी आम्ही दोघं तलावाच्या कडेने चालायला गेलो. साहेबाला सुधारित निरोप गेला होता, ‘आय रिमेंबर लॉकिंग द लॅब’, आणि ‘ओके’ असं उत्तरही आलं होतं. त्या ‘ओके’चा अर्थ लावणं हा वेगळ्या पुस्तकाचा विषय. अर्धी फेरी झाली नाही तोच थेंब पडायला लागले. फाटकाबाहेर एक रिक्षा उभी होती, तिच्या छताखाली डोकं घातलं.

‘काका, इट स्टार्टेड टू रेन की इट स्टार्टेड रेनिंग?’

‘दोन्ही चालतं. अर्थ एकच.’

एवढी वही भरल्यावर हे उत्तर त्याला अजिबात आवडलं नाही. ‘मग काहीच फरक नाही?’

‘एकच. पाऊस सुरू होत असताना म्हणायचं असेल तर इट इज स्टार्टिंग टू रेन. स्टार्टिंग रेनिंग नको. दोन आयएनजी शेजारी इंग्रजांच्या कानाला टोचतात.’

रिक्षावाल्याने बाजूचा पडदा सोडला, आकाशाकडे बघितलं आणि स्वतःशीच म्हणाला, ‘मळे बरोके शुरुवायतु.’

मुलाने माझ्याकडे बघितलं. ‘बरोके,’ तो म्हणाला. ‘यायला.’